झालंच समजा, साहेब

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही ब्लॉकात शिरा, हा शेठ भेटल्याशिवाय राहत नाही. पत्र्याची शेड, दारात छोटा हत्ती, आत देवाच्या फोटोला चोवीस तास लाल बल्ब आणि टेबलाच्या काचेखाली अख्ख्या चाकणची व्हिजिटिंग कार्डं. आधी आयटीआय, मग टेल्कोत अप्रेंटिस, मग ‘किती दिवस दुसऱ्याची चाकरी करायची’ म्हणत स्वतःची शेड, ही त्याची ठरलेली वाट. नाव काहीही असो, सगळे त्याला शेठ म्हणतात आणि तो सगळ्यांना आज ना उद्या साहेब म्हणतो. आपण ‘दादा’चे ‘साहेब’ झालो की ओळखावं, काम लांबलं.

आमच्या वाट्याला आलेला शेठ फायबरचा. टेम्पोचे बंपर, बसचे डॅशबोर्ड, बागेत कचरा मागत तोंड वासून उभे असलेले पेंग्विन, सगळं त्याच्या एकाच शेडमधून निघतं. माझ्या साडूचं पवना धरणाच्या कडेला कॅम्पिंग आहे. तिथल्या पायडलच्या बोटीची, म्हणजे त्या पांढऱ्या हंसाची, मान तडकली आणि बुडाला चीर पडली. कोकणात होड्या दुरुस्त करणारा सुतार बंदरावरच सापडतो. घाटावर मात्र होडी बिघडली की भोसरी गाठावी लागते. मी प्राधिकरणात राहतो, एवढ्याच पात्रतेवर हंसाचं पालकत्व माझ्याकडे आलं.

शेठचं ज्ञान मात्र बघत राहावं असं. त्याने बोटाच्या पेराने हंसाचं बूड ठोकायला सुरुवात केली. ‘टक’ वाजलं की पुढे, ‘भद’ वाजलं की तिथे खडूचा गोल. “इथे थर सुटलाय साहेब. एवढं सगळं घासून काढायचं, साडेचारशेच्या मॅटचे दोन थर द्यायचे, वर जेलकोट. दोन दिवसांचं काम.”

“मग कधी मिळेल?”

“झालंच समजा.”

ॲडव्हान्स घेताना त्याने देवाकडे बघून नोटा कपाळाला लावल्या. तेव्हा आषाढ तोंडावर आला होता.

पुढचे काही महिने शेठ माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही. थापा मारणाऱ्याला पकडता येतं, याला कसं पकडणार? तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी, रस्ते बंद. खरं होतं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. तेही खरं. पावसाळी हवेत रेझीन नीट धरत नाही, हे तर मी दुसऱ्या फायबरवाल्याकडून खात्री करून घेतलं. पाऊस उघडला, तर पोरं गावाकडे दिवाळीला. पोरं परतली, तर गावोगावच्या जत्रा आणि बैलगाड्यांच्या शर्यती. उन्हाळ्यात रेझीन भलतंच लवकर गोठतं, डब्यातच दगड होतो, हे त्याने मला आगाऊच सांगून ठेवलं, म्हणजे पुढे तक्रार नको. या हिशेबाने भोसरीत फायबरचं काम नेमकं कधी होतं, हा प्रश्न पंचांगवाल्यांनाच विचारायला हवा.

फोनवर तो कायम रस्त्यातच असायचा. “निघालोच आहे साहेब, चाकणला तळेगाव चौकात अडकलोय, पंधरा मिनिटं.” मागे ग्राइंडर किंचाळत असायचा. पण त्या चौकात एकदा गाडी घालून पाहिलेला माणूस हे कारण नाकारू शकत नाही. तिथे कोणी बसल्या जागी ग्राइंडिंग उरकलं असेल, तरी मला नवल वाटणार नाही.

एका संध्याकाळी मी न सांगता शेडवर गेलो. हंस दारातच होता. त्याच्या पोटात कामगारांचे डबे, तडकलेल्या मानेला कोणाचंतरी हेल्मेट. तेवढ्यात शेठचा दुसरा फोन वाजला. तो ताडकन उभा राहिला. “हो साहेब. गाडी निघाली साहेब.” आणि काय सांगू, गाडी खरंच निघाली होती! माझ्या डोळ्यांदेखत छोटा हत्ती बंपर लादून वळणावर दिसेनासा झाला.

मग उलगडा झाला. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा. या कंपन्या सुट्या भागांचा साठा फार करत नाहीत. माल वेळेवर यायचा आणि थेट लाइनवर चढायचा. शेठ वेंडरच्या वेंडरचा वेंडर असला, तरी त्याच्या एका बंपरपायी लाइन थांबली, तर डेबिट नोट वरून गडगडत येते ती थेट याच्या डोक्यावर. त्यामुळे रात्री दोनलाही त्याचा माल पोचतो. वक्तशीरपणात त्याचा हात कोणी धरणार नाही; फक्त तो सगळा चाकणला खर्च होऊन जातो. आमच्याकडे थांबायला लाइनच नव्हती. हंस काय, तसाही थांबलेलाच.

हे साडूला सांगितलं. साडू मावळातला, कमी बोलणारा. त्याने माझ्यासमोरच शेठला फोन लावला. “शेठ, घाई अजिबात नाही. शनिवारी चाकणच्या एका मोठ्या कंपनीचे पर्चेसचे साहेब सहकुटुंब येतायत, नऊ वाजता. पोरांना हंसात बसायचं होतं. पण असू द्या.”

शुक्रवारी रात्री अकराला हंस पवनेच्या काठावर उतरला. टॉर्च लावून बूड तपासलं. जोड कुठे दिलाय, बोट फिरवून कळेना. मान नव्याहून ताठ. बिलही ठरल्यापेक्षा कमी. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

शनिवारी नऊला पाच मिनिटं असताना शेठ स्वतः हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत कोटेशनची फाइल.

“साहेब कुठायत?”

“निघालेच आहेत,” साडू म्हणाला. “तळेगाव चौकात अडकलेत. पंधरा मिनिटं.”

शेठने समजूतदारपणे मान हलवली, चपला काढल्या आणि तोवर पायडल मारून बघू म्हणत हंसात जाऊन बसला.