लाल तारखेचे तात्या

आमच्या तात्यांनी जन्मात नोकरी केली नाही. म्हणूनच असेल, पण सुट्टीबद्दल त्यांना जेवढा आदर आहे तेवढा कुठल्या सरकारी कारकुनालाही नसेल. ‘कालनिर्णय’वर त्यांना एकादशीच्या आधी लाल तारीख दिसते. “बैलाला वर्षातनं एक बेंदूर तरी हाय,” ते म्हणतात. “कुणब्याला काय हाय? म्हणून मी सरकारच्या सुट्ट्या घेतो.”

लाल तारीख उजाडली की तात्या खंडाळ्याच्या फाट्यावर एसटीला हात करतात. हा खंडाळा धबधब्यांचा आणि चिक्कीचा नव्हे. हा साताऱ्याचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, बाजरीचा, कांद्याचा आणि हमरस्त्याच्या धुरळ्याचा. शिरवळ, नीरेचा पूल, कापूरहोळ, कात्रज करत साठेक किलोमीटरवर स्वारगेट. ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीनं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला, तेव्हा तात्यांचं पाऊल नुकतंच रेषेपलीकडं पडलं होतं. हा योगायोग आहे हे त्यांना अजून मान्य नाही. मार्च २०२३ पासून काकूंनाही अर्धं तिकीट झालं, पण त्या एकदाच आल्या. त्याचं कारण पुढे येईलच.

मी राहतो दांडेकर पुलाजवळ. तात्या कधीही थेट घरी येत नाहीत. स्वारगेटवरून चालत सारसबागेत जातात आणि तिथून फोन करतात, “आलोय. च्या घिऊन ये.” जाऊन पाहावं तर तळ्यातल्या गणपतीचं दर्शन आटोपून तात्या बाकावर आडवे. चपला उशाला, टोपी डोळ्यांवर. पेशवाईत इथं खरोखरीचं तळं होतं आणि गणपती त्यातल्या बेटावर होता, हे मी त्यांना दरवेळी सांगतो. दरवेळी ते हळहळतात. गणपतीसाठी नाही, पाण्यासाठी. “भरल्यालं तळं मुजवलं? एवढ्यात आमचं शिवार भिजलं असतं.”

एकदा धीर करून विचारलं, “तात्या, गावाकडं वावराच्या बांधावर एवढी झाडं. ती सोडून इथं झाडं बघायला कशाला येता?”

तात्या उठून बसले. “आरं, गावचं झाड बघितलं का कामच दिसतंया. आंबा बघितला का मोहरावर औषध मारायचं राहिलंय. बाभळ बघितली का कुपाटीला फांद्या तोडायच्या हायती. लिंब बघितला का त्याखाली बसल्याला माणूस उसनं मागतोय. हितं कसं, पाणी दुसरा घालतोय, खुरपतोय दुसरा, आन् वाळलं तरी आपल्याला झोप लागती.”

निसर्गप्रेमाची याहून प्रामाणिक व्याख्या मी ऐकलेली नाही. शहरातल्या आम्हा लोकांचंही तसंच असतं, फक्त आम्ही त्याला मनःशांती वगैरे म्हणतो.

तात्यांचा खरा धक्का हिरवळीचा. ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी त्यांनी बोट फिरवत वाचली, मग खाली वाकून ती हिरवळ दोन बोटांत धरली. “आरं ही तर हरळी!” आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या हरळीशी लढण्यात गेल्या. नांगरा, जाळा, मुळ्या वेचून बांधावर टाका, पावसाळ्यात पुन्हा हजर. आणि इथं तिला रोज पाणी, वर राखणीला शिट्टीवाला माणूस! काकू आल्या होत्या त्या दिवशी त्यांनी पाटी वाचलीच नाही. गप्पा मारता मारता हात सवयीनं चालू राहिले आणि अर्ध्या तासात ताटाएवढी जागा लख्ख झाली. शिट्टीवाला धावत आला. काकू म्हणाल्या, “राहू द्या, पैसं नगंत.” त्यानंतर त्या पुण्याला आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या बागेत तण माजलेलं आपल्याला बघवत नाही, असं त्या गावात सांगतात.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातही तात्यांना नेलं. जपानी पद्धतीची बाग, पुणे आणि ओकायामा शहरांच्या मैत्रीतून झालेली. पूल, रंगीत मासे, दगडांमधून झुळझुळणारं पाणी. मला वाटलं, आता तरी माणूस गप्प होईल. तात्यांनी पाण्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्याचं आवर्तन कितव्या दिवशी सुटतं?” पाणी कायम वाहतं म्हटल्यावर त्यांनी जपानबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथं बोन्सायपुढं मात्र ते थबकले. “पन्नास वर्साचा वड? आन् एवढासाच? खत कमी पडलं.” बाजूच्या बाई हसल्या. तात्या हसले नाहीत. त्यांना त्या वडाची मनापासून दया आली होती.

सणासुदीलाही ते असतातच. पाडव्याच्या पहाटे सारसबागेत तरुणाई नटूनथटून लोटते, तेव्हा तात्या आदल्या रात्रीच मुक्कामाला. काकूंची ओवाळणी दुपारवर ढकलायची आणि नऊवारीतल्या पोरींचे गॉगल मोजत बसायचं. पण त्यांचा खरा हात दिसतो अनंत चतुर्दशीला. मानाचा पहिला कसबा गणपती डोळे भरून पाहायचा, हात जोडायचे, आणि सगळं पुणं लक्ष्मी रस्त्याकडं निघालेलं असताना हा माणूस उलट्या दिशेनं चालू लागतो. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या दम खात चढायच्या आणि वर सावली धरायची. खाली ढोलांचा दणदणाट, वर वारा. दुरून डोंगर साजरे, ही बाकीच्यांची म्हण. तात्यांचे डोंगरावरून ढोल साजरे. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. तात्या संध्याकाळच्या एसटीनं घरी पोचून वर “आमी विसर्जन बघितलं” म्हणून सांगायला मोकळे.

गंमत अशी की त्याच लाल तारखांना निम्मं पुणं साताऱ्याच्या वाटेला लागलेलं असतं. जोडून सुट्टी आली की खंबाटकीत गाड्यांच्या रांगा. गेल्या पंधरा ऑगस्टला अशीच एक गाडी तात्यांच्या वावराशी थांबली. त्या दिवशी ते नेमके घरी होते, गुडघा धरला होता. नवरा, बायको, दोन मुलं. बाजरीत उभं राहून फोटो काढले. बाई म्हणाल्या, “किती शांत आहे ना इथं! इथंच राहावंसं वाटतं.”

तात्यांनी चहा पाजला. मग चौघांच्या हातात चार खुरपी दिली.

“मग, केलं का त्यांनी?” मी फोनवर विचारलं.

“दोन सऱ्या काढल्या. पोरगं जरा अंगचोर हाय, पर बाईचा हात चांगला. फोन लंबर घेऊन ठेवलाय. तू फकस्त नाताळाला जोडून सुट्टी येतीया का तेवढं बघून सांग, कांद्याची लागण काढायचीय.”