अडीचशे किलोंचा वनवास

चार दिवस रानात तंबू ठोकून राहायचं, तर गाडी कुठली घ्यावी, याचं घोंगडं आमच्या मित्रमंडळात दोन वर्षं भिजत पडलंय. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर हवं, पुढचं चाक २१ इंची हवं आणि दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पेट्या तर हव्यातच. एकानं शेवटी अडीचशे किलोंची जर्मन गाडी आणली. ती चिखलात आडवी झाली की उचलायला चौघं लागतात. त्यामुळे एकट्यानं भटकायची हौस तो आता गर्दी जमवून भागवतो. स्पितीचं नाव काढून घेतलेली ही धुडं रविवारी ताम्हिणीतल्या भज्यांपर्यंत जातात.

परवा कच्च्या चढाशी थांबून आम्ही टायरच्या नक्षीवर वाद घालत होतो. तेवढ्यात मागून जुन्या स्प्लेंडरवर दुधाच्या किटल्या लटकवलेले एक मामा आले. इंजिन १०० सीसीच्याही आतलं, टायर गुळगुळीत. ‘‘बंद पडली का रं?’’ असं विचारून, उत्तराला न थांबता ते चढून गेलेसुद्धा.

मामा रोज पहाटे ऑफरोडिंग करतात. फक्त त्याला ऑफरोडिंग म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.