पावडरवीराचा गोतावळा

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला, लिटल कॉटनवुड नावाची एक घळ वॉसॅच पर्वतात शिरते. तिच्या टोकाशी आल्टा आणि स्नोबर्ड ही दोन स्की रिसॉर्ट्स आहेत. आल्टाला एका हंगामात सरासरी 13 मीटरच्या आसपास बर्फ पडतो; 2022-23 साली तो 903 इंच, म्हणजे जवळजवळ 23 मीटर पडला. एवढ्या बर्फात माणसांची एक जमात आपसूक उगवते. तिच्यातल्या प्राण्याला आपण पावडरवीर म्हणू. पावडर म्हणजे रात्रीतून पडलेला, कोरडा, भुरभुरीत आणि अजून कुणाचीही रेघ न उमटलेला बर्फ. तो पडला की पावडरवीराची नोकरी, संसार आणि दातांच्या डॉक्टरकडची वेळ यांना त्या दिवसापुरतं अस्तित्व उरत नाही. या जमातीचं ब्रीद असं, की पावडरच्या दिवशी कुणी कुणाचा दोस्त नाही. स्टिकरांवर, टोप्यांवर ते मिरवलं जातं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा कुणी हिमालयात निघालेला विरक्त पुरुष आहे. माझं म्हणणं असं, की हे ब्रीद धादांत खोटं आहे, आणि ते खोटं ठरवणारे सगळ्यांत भक्कम पुरावे पावडरवीर स्वतःच दिवसभर पुरवत असतो.

पहाटे चारपासून पाहू. आल्टाच्या डोंगरावर इंचांच्या खुणा केलेली एक पट्टी उभी असते आणि तिच्यावर कॅमेरा रोखलेला असतो. पावडरवीर पांघरुणातून हात बाहेर काढून फोनवर ती पट्टी बघतो. आकडा मनासारखा निघाला, तर खरा एकांतप्रिय माणूस गुपचूप चालू लागला असता. हा त्या पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकतो. बरोबर येणाऱ्यांना तर टाकतोच, पण ज्यांना आज ऑफिसातून हलता येणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्यांना आधी टाकतो. मग चौघं एका गाडीत. इथे काटकसरीचा मुद्दा निघेल, आणि तो खोटा नाही: आल्टाला गर्दीच्या दिवशी पार्किंगचं आरक्षण लागतं, आणि शेजारच्या घळीतल्या एका रिसॉर्टने तर गाडीत माणसं जास्त असतील तर पार्किंगचे पैसे कमी, असा दर लावला होता. पण पैसेच वाचवायचे तर बस आहे. बसमध्ये व्याख्यान देता येत नाही, एवढीच तिची अडचण. गाडीत मात्र व्याख्यानाला वेळच वेळ असतो. घळीतल्या रस्त्यावर हिमलोट कोसळण्याच्या साठाहून अधिक वाटा आहेत. रात्री जोराचा बर्फ झाला की पहाटे स्फोट करून तो मुद्दाम खाली पाडतात (कित्येक दशकं हे काम चक्क लष्करी तोफांनी केलं), मग रस्ता साफ होतो, आणि तोवर सगळ्या गाड्या घळीच्या तोंडाशी खोळंबतात. लाल दिव्यांच्या त्या रांगेत पावडरवीर समजावून सांगतो, की इथला बर्फ असा अद्भुत होतो तो जवळच्या खाऱ्या सरोवरामुळे. युटा विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ जिम स्टीनबर्ग यांनी यावर 2014 साली अख्खं पुस्तक लिहिलं आहे. सरोवराचा हात लोक समजतात तेवढा लांब नाही, असं ते सांगतात. बर्फ नुसता हलका असून भागतही नाही. खाली जरा जड आणि वर हलका असा थर बसला की स्की तरंगते, आणि इथली वादळं तसा थर बऱ्याचदा बसवून जातात. गाडीतल्या उरलेल्या तिघांना हे माहीत असतं. तरी ते त्याला बोलू देतात. याला दोस्ती नाही तर काय म्हणायचं?

यावर कुणी म्हणेल, गाडीतलं सोडा, लिफ्टपाशी काय होतं ते बघा. बरोबर आहे. विरार लोकलच्या फलाटावरची मैत्री जशी गाडी दिसेपर्यंत टिकते, तशी ही मैत्री लिफ्टचा दोर उघडेपर्यंत टिकते. एकाचा बूट अजून आवळायचा असतो, दुसऱ्याला नेमकं आत्ताच बाथरूमला जायचं असतं, आणि पावडरवीर दोघांकडे न पाहता चार इंच पुढे सरकतो. पण हा स्वभावाचा दोष नव्हे, टंचाईचा आहे. पूर्वी खोल बर्फात स्की चालवणं हे मोजक्या लोकांचं कसब होतं. मग 1988 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या ॲटॉमिक कंपनीच्या एका माणसाने स्नोबोर्ड उभा चिरून पाहिला आणि त्यातून रुंद स्की निघाल्या, त्यामुळे मध्यम वकुबाचा माणूसही बर्फावर तरंगू लागला. (आल्टात स्नोबोर्डला आजही बंदी आहे, त्याच्या या वारसांना मात्र पायघड्या.) त्यात 2008 साली एपिक आणि 2018 साली आयकॉन असे अनेक रिसॉर्ट्सवर चालणारे हंगामभराचे पास निघाले. आल्टा यातल्या दुसऱ्यावर आहे. एकदा पासाचे पैसे भरले की एका जास्तीच्या दिवसाला काहीच पडत नाही, तेव्हा पट्टीवरचा आकडा वाढला की सगळे एकाच सकाळी येतात. डोंगर दुपारच्या आत चिरफाळून निघतो. पावडरवीर या गर्दीला मनापासून शिव्या देतो. आपण तिच्यात मोडत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

आता याहून कठीण आक्षेप. उतारावर मित्राची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी पकड, सुटते, तो तोंडावर पडतो, स्की बर्फाखाली गडप होते. शहाणी माणसं अशा दिवसासाठी बाइंडिंगला भडक रंगाची लांब फीत बांधून ती विजारीत खोचून ठेवतात, म्हणजे स्की बुडाली तरी फीत वर राहते. मित्राने ती बांधलेली नसते. तो गुडघ्यावर बसून स्कीच्या काठीने बर्फ भोसकत राहतो, आणि तेही नको तिथे, कारण पडलेला माणूस घसरत खाली येतो, स्की मात्र बहुधा वरच अडकलेली असते. पावडरवीर बाजूने सूं करून जातो आणि न थांबता ओरडतो, “वर शोध, वर!” सल्ला अचूक असतो. माणुसकी म्हणाल तर एवढीच. इथे बचाव करणं अवघड आहे, आणि मी करतही नाही. पण पुढे काय होतं ते पाहा. खाली पोचल्यावर तो एकट्यांच्या रांगेतून लिफ्टवर चढतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला लिफ्ट वर पोचेपर्यंत आपली उतरण वळणावळणाने सांगतो. त्या बिचाऱ्याला स्वतःची सांगायची असते. म्हणजे मित्र सोडला तरी मित्राची जागा रिकामी ठेवता येत नाही. याचं कारण पावडरच्या सुखाच्या घडणीतच आहे. वळण घेताना बर्फ उसळून तोंडावर येतो, क्षणभर काही दिसत नाही, आणि त्यातच या खेळाचं परमसुख आहे, यावर जमातीचं एकमत आहे. पण ज्या क्षणी माणूस सर्वांत देखणा दिसतो, नेमका त्याच क्षणी तो आंधळा असतो. ते बघायला दुसरं कुणीतरी लागतं. हेल्मेटवरचा कॅमेरा ती उणीव भरून काढतो म्हणावं, तर त्यात येतात स्कीची दोन टोकं आणि स्वतःचं धापा टाकणं. शिवाय ते चित्रण बघायला पुन्हा मित्रच बसवावे लागतात. पावडरच्या प्रसिद्ध स्पर्धेचंही तेच. एकाची नागमोडी रेघ, तिला छेदत दुसऱ्याची, आणि बर्फावर इंग्रजी आठांची माळ. ‘पावडर एट’ नावाची ही स्पर्धा कायम जोडीने खेळतात, कारण एकट्याच्या रेघेचे आठ होत नाहीत.

शिवाय जिवाचा प्रश्न आहे. मोठ्या सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती, खालच्या फांद्यांच्या आडोशाने, बर्फ पोकळ राहतो. त्या खड्ड्यात माणूस डोक्यावर उलटा गेला तर त्याला सहसा स्वतःहून निघता येत नाही आणि तो गुदमरतो. म्हणून झाडांत जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात ठेवा, असं प्रत्येक जाणकार बजावतो. पावडरवीरही दर काही वळणांनी हाळी देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो, भले समोरचा कोरा उतार दुसऱ्या कुणी नेला तरी. त्या वेळी ब्रीदाची टोपी त्याच्या हेल्मेटखाली असते.

संध्याकाळी तोच रस्ता, तेच लाल दिवे, उलट्या दिशेने. चौघं पुन्हा एका गाडीत, आणि आता कुणालाही कुणाला मागे टाकता येत नाही. पट्टीवरचे सकाळचे 14 इंच पहिल्या वळणापर्यंत गुडघाभर होतात, घळीच्या मध्यावर कमरेएवढे. कुणी हरकत घेत नाही, कारण प्रत्येकाला पुढे आपल्या कमरेची सोय लावायची असते. मागच्या सीटवरून स्की हरवलेला मित्र म्हणतो, “तू गेलास ना, बर्फ तुझ्या डोक्यावरून उडाला. मी बघितलं.” त्या वेळी तो उताराकडे पाठ करून गुडघ्यावर बसलेला होता, हे गाडीतल्या चौघांनाही ठाऊक असतं. पावडरवीर ही साक्ष खळखळ न करता मान्य करतो, आणि गाडी शहरात शिरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर उतरून त्याच्यासाठी कॉफी घेऊन येतो, मोठा कप.