विषय : कर्जाचा ओलावा मोजून मिळणेबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
लोकलेखा समिती, तेलंगणा विधानसभा, हैदराबाद.

महोदय,

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलातला कापूस पिकवणारा माणूस. घरात मराठी बोलतो, कचेरीत तेलुगू, आणि बँकेत साहेब जे बोलतील त्याला मान हलवतो. सरकारी हिशेबातले मला फारसे कळत नाही. ते आपल्यालाही फारसे विचारावेसे वाटत नाही, असे ऐकले आणि जवळीक वाटली. म्हणून हे पत्र.

आधी आमच्याकडची रीत सांगतो. कापसाची गाडी बाजार समितीच्या आवारात लागली की खरेदी केंद्राचा माणूस ओलावा मोजायचे यंत्र घेऊन येतो. वरचा कापूस उन्हाने कडक झालेला असतो हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो कोपरापर्यंत हात आत घालतो, गाडीच्या पोटातला कापूस चाचपतो आणि यंत्राचे टोक तिथे खुपसतो. आकडा 8 च्या आत आला तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात आणि 12 च्या पुढे गेला की गाडी माघारी. रात्रभर थंडीत रांगेत काढली, वाटेत दव पडले, ह्या सबबी यंत्राला ऐकू येत नाहीत.

राज्याच्या कर्जाची गाडी मात्र वरवर हात फिरवूनच पास होते, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन.

उदाहरण काळेश्वरम उपसा सिंचन योजनेचेच घेऊ. या योजनेसाठी सरकारने एक महामंडळ काढले. महामंडळाला स्वतःची म्हणावी अशी कमाई नाही, पण पत मोठी, कारण मागे हमी सरकारची. त्याने बँका आणि वित्तसंस्थांशी 15 करार केले आणि 87,449 कोटी रुपयांची कर्जे मंजूर करून घेतली. कर्ज महामंडळाच्या नावावर, त्यामुळे अर्थसंकल्पाच्या वरच्या थरात ते दिसत नाही. गाडी कशी छान कोरडी! सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने पोटात हात घातला तेव्हा कळले की मार्च 2022 पर्यंत योजनेवर झालेल्या 86,788 कोटींच्या खर्चापैकी 55,807 कोटी असे अर्थसंकल्पाबाहेरून आले होते. म्हणजे शंभरातले 64 रुपये. सभागृहात चर्चा रंगली, बाके वाजली, हात वर झाले, ते उरलेल्या 36 रुपयांसाठी. एवढ्या कमी पैशांवर एवढी मोठी भाषणे होत असतील तर आपल्या काटकसरीला तोड नाही.

योजनेला एकच एक मंजुरी कधी मिळालीच नाही, हेही कॅगनेच लिहिले. 73 वेगवेगळ्या प्रशासकीय मंजुऱ्या मिळाल्या, एकूण 1,10,248 कोटींच्या. तुकड्यातुकड्याने गिळले की हत्तीही पचतो. केंद्रीय जल आयोगाला 81,911 कोटी सांगितलेला खर्च 1,47,427 कोटींच्याही वर जाईल, असा कॅगचा अंदाज. सरकारच्या हिशेबात रुपयामागे दीड रुपया लाभ होता, कॅगच्या हिशेबात 52 पैसे. रुपया घालून 52 पैसे काढायचा धंदा आम्ही शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करतो, पण त्याला प्रकल्प अहवाल लागतो हे माहीत नव्हते.

कॅगचा हा अहवाल 15 फेब्रुवारी 2024 ला सभागृहात आला. त्याच्या आधीच, 21 ऑक्टोबर 2023 ला, याच योजनेतल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले होते आणि डिसेंबरात सरकारही बदलले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मग चौकशीला न्यायमूर्ती पी. सी. घोष आयोग बसला, 31 जुलै 2025 ला त्याचा अहवाल आला, आणि प्रकरण सीबीआयकडे द्यायचे ठरले. दोषी कोण ते आयोगाने शोधले, पुढे सीबीआय शोधील. पण कर्ज काढले जात असताना ‘दाखवा कागद’ म्हणणे हे आयोगाचे काम नव्हते. घटनेच्या 293 व्या कलमाने राज्याच्या कर्जाला आणि हमीला कायद्याने मर्यादा घालण्याचा अधिकार विधिमंडळाला दिलेला आहे. तो कपाटात नीट सांभाळून ठेवल्याबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन.

आता आपल्या समितीविषयी दोन शब्द. सत्तेच्या खर्चाचा हिशेब विरोधकाने मागावा, म्हणून लोकसभेत 1967 पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. आपल्याकडेही तो पाळतात, फक्त विरोधक निवडताना थोडी काळजी घेतात. 2019 मध्ये काँग्रेसचे 12 आमदार सत्ताधारी टीआरएसमध्ये (म्हणजे आजच्या बीआरएसमध्ये) विलीन झाले आणि अध्यक्षपद टीआरएसच्या मित्रपक्षाच्या, एमआयएमच्या अकबरुद्दीन ओवैसींकडे गेले. 2024 मध्ये सरकार काँग्रेसचे. तेव्हा पद अरेकापुडी गांधींकडे गेले. ते निवडून आले बीआरएसच्या तिकिटावर, जुलैमध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत काँग्रेसच्या गोटात दिसले आणि सप्टेंबरात समितीचे अध्यक्ष झाले. कागदोपत्री ते विरोधी पक्षाचेच आहेत, असे सत्ताधाऱ्यांनी सांगितले. काल आरडाओरडा करणारे आज गप्प, काल गप्प असणारे आज आरडाओरडा करतात. दोन्ही पक्षांचे एकमत झालेली अशी गोष्ट विरळाच.

कर्जावर मात्र एकमत नाही. 20 डिसेंबर 2023 ला नव्या सरकारने श्वेतपत्र मांडले आणि राज्यावर 6,71,757 कोटींचे कर्ज असल्याचे सांगितले. 2014-15 मध्ये ते 72,658 कोटी होते. चारच दिवसांत बीआरएसने उत्तरादाखल ‘स्वेदपत्र’ काढले. पत्रे भरपूर झाली, हप्ते कोणाच्या घामातून जाणार ते दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे.

आपण म्हणाल, बेल्याच्या माणसाला काळेश्वरमचे काय पडले? पडले आहे, महोदय. मूळची प्राणहिता-चेवेल्ला योजना आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या कडेला, तुम्मिडीहट्टीला होणार होती. तिथे वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते. बुडीत क्षेत्रावरून महाराष्ट्राने आक्षेप घेतला, योजनेचा मुख्य भाग खाली मेडीगड्ड्याला गेला, आणि खाली गेलेले पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचे ठरले. नुसत्या विजेचा खर्च वर्षाला 10,374 कोटी होईल, असे कॅग म्हणते. पलीकडे, महाराष्ट्रातल्या सिरोंचा तालुक्यातले शेतकरी बंधाऱ्याच्या पाण्याने गेलेल्या जमिनीसाठी भरपाई मागत बसले. आमच्या वाट्याला पाणी आले नाही, कर्ज मात्र राज्यभर सारखे वाटले गेले. अशी समता दुसऱ्या कुठल्या योजनेत बघायला मिळाली नाही.

आता तुम्मिडीहट्टीची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. आम्हाला बंधारा नको असे नाही, पाणी हवेच आहे. म्हणून शेवटी उपरोध बाजूला ठेवून लिहितो. समितीचे अध्यक्ष विरोधी पक्षाला स्वतः ठरवू द्या. सरकारने हमी दिलेले प्रत्येक कर्ज, महामंडळाच्या नावावरचेसुद्धा, दरवर्षी सभागृहापुढे मांडून घ्या. आणि तुम्मिडीहट्टीचा प्रस्ताव येईल तेव्हा तीन प्रश्न विचारा : पूर्ण खर्च किती, कर्ज कोणाच्या नावावर, आणि हप्ता कोण भरणार. लेखी उत्तर हातात पडल्याशिवाय हात वर करू नका.



आपला नम्र,
एक कापूस उत्पादक व हमीदार,
बेला मंडल, जि. आदिलाबाद