सूचीत पाचोरा आहे का?

मोठ्या शहरात चार दिवस हिंडायला जायचं तर आधी त्या शहरावरचं एक भरवशाचं पुस्तक हातात हवं, असं मानणारा एक वर्ग तालुक्याच्या गावांत अजून टिकून आहे. पाचोऱ्यात या वर्गाला सर्वसाधारणपणे नाना म्हणतात. नाना बहुधा निवृत्त मुख्याध्यापक असतात, नाहीतर पोस्टातून किंवा बँकेतून बाहेर पडलेले. पेन्शन वेळेवर, दृष्टी शाबूत आणि मुलं पुण्याला. दिवाळीनंतर कोलकाता बघायचं हे आषाढातच ठरतं, आणि आषाढ ते दिवाळी हा सगळा काळ पुस्तक निवडण्यात जातो. जळगावचं दुकान, पुण्याला मुलाकडे गेल्यावर अप्पा बळवंत चौक, मुंबईत काम निघालंच तर फोर्टातल्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं, असा हा शोध चालतो. नाना पुस्तक हातात घेतात आणि ते मागून उघडतात. मुखपृष्ठावरचा हावडा पूल त्यांना नको असतो, प्रस्तावना तर नकोच. त्यांना सूची हवी असते. इंग्रजी सूचीतल्या ‘पी’च्या रकान्यावरून बोट खाली सरकत जातं. पचमढी आहे. पहलगाम आहे. या दोहोंच्या मधे, वर्णक्रमानं जिथे पाचोरा असायला हवं, तिथे काहीच नाही. नाना पुस्तक मिटतात, दुकानदाराला परत देतात आणि म्हणतात, “वरवरचं आहे.”

दुकानदार हसतो, मुलगा ओशाळतो आणि सून पुढच्या दुकानाकडे निघते. माझं म्हणणं असं आहे की हसण्याआधी जरा थांबावं. प्रवासाचं पुस्तक घेण्याच्या जितक्या रीती चालू आहेत, त्यांत नानांची रीत सगळ्यांत शास्त्रशुद्ध आहे. या वस्तूची खरेदी मुळातच अडचणीची असते. शहर माहीत नाही म्हणून पुस्तक घ्यायचं, आणि शहरच माहीत नसल्यामुळे पुस्तकात लिहिलंय ते खरं की खोटं हे घेताना कळायची सोय नाही. कळेल ते तिथे गेल्यावर, म्हणजे पैसे आणि सुट्टी दोन्ही खर्ची पडल्यावर. मग गिऱ्हाईक काय करतं? कागद गुळगुळीत आहे का बघतं, फोटो मोजतं, नकाशा किती घड्यांचा आहे ते बघतं. यातल्या कशाचाही खरेपणाशी संबंध नाही. खरेपणा तपासायचा तर पुस्तकाला अशा जागी गाठायला हवं जिथलं आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. नानांच्या बाबतीत ती जागा पृथ्वीवर एकच आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. नानांनी शीत तेवढं पाचोऱ्याच्या भडगाव रोडवरचं निवडलं.

आणि ही परीक्षा नुसती नाव शोधण्यावर संपत नाही. पाचोरा नसलं तर नाना एक पायरी उतरतात आणि अजिंठ्याचं पान काढतात. तिथे त्यांचा पहिला प्रश्न तयार असतो: लेणी कुठल्या वारी बंद? अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. खानदेशात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण कित्येक पुस्तकांत ही जोडी उलटीपालटी होते किंवा दोन्ही लेण्यांना मिळून एकच सुट्टी दिलेली असते. लिहिणारा तिथे गेला होता, की दुसऱ्याच्या पुस्तकातून त्यानं उतरवून घेतलं, हे त्या एका ओळीत कळतं. पुढची पायरी जळगाव. लोनली प्लॅनेटचं भारतावरचं पुस्तक पहिल्यांदा 1981 साली आलं आणि पुढे जाडजूड होत गेलं. त्यात जळगावचं काम अजिंठ्याला जाणाऱ्याच्या एका रात्रीची सोय करणं, एवढंच. केळी नाहीत, सराफ बाजार नाही, बहिणाबाई नाहीत. आणि भरिताच्या ज्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वांग्याचा तर वासही नाही. नाना इथे रागावतात, पण त्या रागाच्या पोटात एक बिनचूक अनुमान दडलेलं असतं. ज्या लेखकानं जळगावात एक रात्र काढून भरीत खाल्लं नाही, त्यानं कोलकात्यात काय काय खाल्लं नसेल?

सूचीत पाचोरा असावं या नानांच्या अपेक्षेला इतिहासाचा आधार आहे, हेही मान्य केलं पाहिजे. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकानं भारतावरची हँडबुकं 1859 पासून काढायला सुरुवात केली. साहेब, त्याचा खानसामा आणि त्याचा छत्र्यांचा जुडगा कुठे उतरवावा, हे सांगणारी ही पुस्तकं होती. रेल्वे आल्यावरच्या जुन्या इंग्रजी हँडबुकांत अजिंठ्यासाठी उतरायचं स्टेशन म्हणून पाचोऱ्याचं नाव येत असे. पुढे पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी आली, जिला सगळा तालुका ‘पीजे’ म्हणतो. तिनं शेंदुर्णीवरून पहूरला उतरायचं आणि पुढे अजिंठा. म्हणजे एके काळी जगातल्या एका अव्वल दर्जाच्या स्थळाचा रस्ता आपल्या फलाटावरून जात होता आणि ते छापलेलं होतं. ज्या गावाचं नाव एकदा छापून आलं, त्या गावाचा माणूस पुढच्या आवृत्तीत ते शोधणारच. नंतरच्या पुस्तकांनी वाचकाला जळगावला उतरवलं, मग औरंगाबादच्या विमानतळावर. पाचोरा गळालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नानांच्या आलं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शिकलेला मुलगा घेतो: कोलकात्याच्या पुस्तकात पाचोरा कशाला असेल? शीत त्याच भांड्यातलं हवं ना? बरोबर आहे, पण भांडं म्हणजे नुसतं शहर नव्हे. पुस्तकांच्या मालिका असतात आणि मालिकेची एक खोड असते: लेखक किती दिवस राहिला, कुणाला विचारलं, रिक्षावाल्याला की हॉटेलच्या मॅनेजरला. ही खोड जळगावात दिसली तर कोलकात्यातही दिसेल. शिवाय निव्वळ एका शहराचं पुस्तक असेल तेव्हा नाना कसोटी त्या शहरात नेतात. कालीघाटाजवळ हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. पुस्तकाला त्याचा पत्ता आहे का? लंडन असेल तर डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ, 1932 सालचं, आणि किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, जिथे बाबासाहेब विद्यार्थी असताना राहत होते आणि जे महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये घेतलं. हे सगळं ज्यात आहे ते पुस्तक चांगलंच असतं असा माझा दावा नाही. पण टॉवर ब्रिजची उंची कुणीही कुठूनही उतरवून घेतो. कडेच्या गल्लीतली पाटी वाचायला पाय झिजवावे लागतात. परीक्षा घ्यायची तर कडेचीच घ्यावी.

मग मराठीत पुस्तकं नाहीत का, असं विचारता येईल. आहेत, आणि घराणं थोर आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधर जिथे जिथे राहिले ती स्थानं गावाच्या कुठल्या दिशेला, देऊळ कुठल्या तोंडाचं, असा कोरडा हिशेब तिच्यात मांडला आहे. एक विशेषण वाया घालवलेलं नाही. नाना अशा पुस्तकासाठी जीव टाकतील. भडगाव तालुक्यातलं कनाशी महानुभावांचंच ठिकाण असल्यामुळे इथल्या लोकांना ही रीत परकीही नाही. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 मध्ये ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलं, ना. वि. जोशांनी 1868 मध्ये ‘पुणे शहराचे वर्णन’; दोघांनीही शहर पायाखाली घातलेलं दिसतं. पण नंतर मराठी प्रवासवर्णन रंगतदार झालं आणि नानांची पंचाईत झाली. पु. लं.ची ‘अपूर्वाई’ आणि मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ नानांना अर्धं पाठ आहे. पण त्यांतून ट्यूबचं स्टेशन सापडत नाही, लंडनला जावंसं तेवढं वाटतं. जावंसं वाटण्याची नानांना गरज नाही, तसं त्यांना आषाढापासूनच वाटत असतं. त्यांना बसचा नंबर हवा असतो, आणि मराठी लेखक बसमध्ये बसला की खिडकीबाहेर बघतो, नंबर टिपत नाही.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. सगळं फोनवर असताना पुस्तक कशाला? याचं उत्तर देताना मला नानांची बाजू थोडी सावरून घ्यावी लागते, कारण रस्ता शोधायला फोन उत्तम आहे आणि नानाही तो गुपचूप वापरतात. पण फोनवर जागेविषयीची मतं वाचायला लागलं की कसोटी लावायला जागाच उरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांना एकानं पाच तारे दिलेत, पार्किंग प्रशस्त म्हणून. दुसऱ्यानं एक दिलाय, कारण तो सोमवारी पोचला. हा दुसरा माणूस लेण्यांवर चिडलाय की स्वतःवर, ते कळत नाही, आणि त्याला जाब विचारता येत नाही. पुस्तकाला निदान नाव असतं, आवृत्तीचं साल असतं, चूक दाखवायला पान क्रमांक असतो. जर्मनीच्या बेडेकरनं एकोणिसाव्या शतकात स्थळांना तारे द्यायला सुरुवात केली तेव्हा त्या ताऱ्यामागे एक प्रकाशनसंस्था उभी होती. हजार अनोळखी माणसांच्या सरासरीवर निवृत्त मुख्याध्यापकाचा विश्वास बसणं कठीण. आयुष्यभर त्यांनी सरासरी काढलेली असते आणि ती कशी फसवते ते त्यांना माहीत असतं.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर धारदार आहे, आणि तो घेणारे लोक कमी असल्यामुळे नाना आजवर वाचले. पीजे 2020 मध्ये बंद पडली. तिचे अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ व्हायचं काम निघालं आहे. तेव्हा आज अजिंठ्याला निघालेल्या माणसाला पाचोऱ्याला उतरवणारं पुस्तक त्याची दिशाभूल करतंय, आणि पाचोरा गाळणारं पुस्तक बरोबर आहे! नानांच्या कसोटीनुसार खरं पुस्तक नापास होतं आणि साठ वर्षांपूर्वीचं जीर्ण हँडबुक पहिल्या वर्गात येतं. यातून सुटका कशी करायची? मला वाटतं, कसोटी आणि परीक्षक हे दोन वेगळे धरावेत. ओळखीच्या गावावरून पुस्तक तपासायचं, ही कसोटी इथेही चालते: पीजे धावत असताना जे तिला विसरलं ते अडाणी आणि बंद पडल्यावरही जे तिची वेळ देतं ते शिळं, दोन्ही तिच्यात पकडली जातात. घोळ परीक्षकाचा आहे. नानांना पाचोऱ्याविषयी खरं लिहिलेलं नको असतं, लिहिलेलं हवं असतं. पेपर उत्तम काढून ठेवायचा आणि तपासताना आपल्या आळीच्या पोराला पाच गुण वाढवून द्यायचे, हा प्रकार शिक्षणखात्यात काही नवा नाही.

त्यामुळे अखेरीस जे पुस्तक घरात येतं ते हमखास जुन्या आवृत्तीचं असतं. त्यातली हॉटेलं बंद झालेली, भाडी हेवा वाटण्यासारखी, आणि कोलकात्याच्या नकाशावर ट्रामचं असं जाळं की आज त्यातले मोजकेच धागे शिल्लक आहेत. नानांना याचं दुःख नसतं. संग्रहालयं जागच्या जागी असतात, नदी हलत नाही, वार बदलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नानी या चर्चेत भाग घेत नाहीत. त्या एवढंच विचारतात, “पुस्तक ते व्हई गयं, आते तिकीट कव्हय?” आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, आणि ते उघडलं तेव्हा नाना एका सूचीत ‘जे’ या अक्षराशी होते. शेवटी तिकीट नानीच काढतात, भिशीतल्या एकीच्या भाच्याकडून, मिळेल त्या तारखेचं. महाराष्ट्र निवासात खोलीसाठी फोनही त्याच करतात. ही कार्यक्षमता बघून कुणी म्हणेल की पुस्तकाची गरजच काय होती. पण ती वेगळ्या कामाची गरज असते. मिळेल त्या तारखेचं तिकीट असल्यामुळे कोलकात्यातला पहिला मोकळा दिवस सोमवार निघतो, आणि नाना-नानी चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमच्या फाटकाशी उभे राहतात. देशातलं सगळ्यांत जुनं संग्रहालय, 1814 चं. फाटक बंद. नाना पिशवीतून पुस्तक काढतात, पान उघडतात, चष्मा वर करून ओळ वाचतात आणि त्यांचा चेहरा उजळतो: सोमवारी बंद, असं स्पष्ट छापलेलं आहे. पुस्तक खरं निघालं. ते पेन्सिलीनं समासात बरोबरची खूण करतात आणि नानींना दाखवायला वळतात. नानी तोवर एका हवालदाराला न्यू मार्केटचा रस्ता विचारून वळणापर्यंत पोचलेल्या असतात.