‘मे बी’च्या आड लपलेल्या मसुदाकारास खुले पत्र

मसुदाकार महाशय,

तुमचं नाव माहीत नाही, म्हणून हुद्द्यावर भागवतो. पुनर्विकासाच्या कराराचा जो मसुदा आमच्या सोसायटीकडे सहीसाठी आला आहे, त्यावर विकासकाचं नाव आहे, आर्किटेक्टचं आहे, आमच्या सगळ्या सभासदांची आहेत. तुमचं कुठेच नाही. ताब्याचं कलम वाचल्यावर ते का नाही हे कळलं.

ते कलम असं: ‘पझेशन शॅल बी हँडेड ओव्हर ॲज अँड व्हेन द ऑक्युपेशन सर्टिफिकेट मे बी ऑब्टेन्ड.’ पुढे पूर्णविराम. माणसांनी आयुष्यभराची घरं रिकामी करून भाड्याच्या खोल्यांत जायचं, ते या एका ओळीच्या भरवशावर.

तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं समजून तुम्हाला सूट द्यायला मी तयार नाही. ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात भविष्यकाळ सांगायचा असला तरी ‘विल’ वापरत नाहीत, हे शाळेतच शिकवतात. ‘व्हेन द सर्टिफिकेट विल बी ऑब्टेन्ड’ असं लिहिलं असतंत तर मी एक अक्षर बोललो नसतो. ‘दाखला मिळेल तेव्हा’ असं मनात म्हणणाऱ्या माणसाच्या हातून ती चूक सहज होते आणि तिच्यात लबाडी नसते. पण तुम्ही चुकला नाहीत. ‘व्हेन इट इज ऑब्टेन्ड’ हे सरळ, शुद्ध इंग्रजी हाताशी होतं, तेही नको झालं. ‘ॲज सून ॲज इट कॅन बी ऑब्टेन्ड’ म्हणता आलं असतं. त्यात शक्य होताच आणू, एवढा तरी शब्द बांधला गेला असता. तुम्ही शोधून ‘मे बी’ काढलंत. मिळेलही, न मिळेलही. आणि ‘ऑब्टेन्ड’ हे कर्मणी ठेवलंत, म्हणजे मिळवायचं कुणी हा प्रश्नच नको.

ओसी, म्हणजे हे ऑक्युपेशन सर्टिफिकेट, काय वळवाच्या पावसासारखी आकाशातून पडते? बांधकाम पूर्ण झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला लागतो, अग्निशमन दलाचं ना हरकत लागतं, लिफ्टचा परवाना लागतो, मंजूर नकाशाबाहेर काही बांधलेलं चालत नाही, आणि मग महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. यातलं एकही काम आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा काकू करणार नाहीत. सगळी विकासकाची कामं आहेत. तो अर्ज दोन वर्षं खिशात घेऊन फिरला तरी तुमच्या वाक्यात बसतं. काकूंनी सर्वसाधारण सभेत एकच विचारलं होतं, ‘अहो, पण ओसी आणायची कुणी?’ विकासकाच्या माणसाने उत्तर दिलं, ‘मावशी, ही कायद्याची भाषा आहे. राज्यघटनेतसुद्धा असंच लिहिलंय.’

हे उत्तर त्याला तुम्हीच पढवलंत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेव्हा घटनाच उघडू.

‘ॲज सून ॲज मे बी’ घटनेत आहे. अनुच्छेद २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण ‘ॲज सून ॲज मे बी’ सांगायचं आहे. पण लगेच पुढचं पोटकलम वाचा. त्याला जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे २४ तासांच्या आत उभं करायचं, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. तिथेही कर्मणीच आहे, ‘शॅल बी प्रोड्यूस्ड’. तरी त्या २४ तासांमुळे आजही पोलीस ठाण्यात घड्याळाकडे बघावं लागतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना सत्तेच्या सवयी ठाऊक होत्या. माणूस कोठडीत असताना नुसत्या ‘मे बी’वर त्यांनी त्याला सोडलं नाही.

जिथे त्यांनी विश्वास टाकला, तिथे काय झालं तेही सांगतो. अनुच्छेद ९३ म्हणतो की लोकसभेने आपला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ‘ॲज सून ॲज मे बी’ निवडावा. १९५२ च्या मे महिन्यात गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात अनंतशयनम अय्यंगार उपाध्यक्ष झाले. तेव्हा त्या शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. सतराव्या लोकसभेने, २०१९ ते २०२४, पूर्ण मुदत उपाध्यक्षाविना काढली. निवडणूक कधी घ्यायची? सभागृहाचा नियम म्हणतो, अध्यक्ष ‘मे फिक्स’ त्या तारखेला. त्यांनी ती ठरवलीच नाही. नियम मोडला असं कुणाला म्हणता येईना, आणि घटनेतलं पद रिकामं राहिलं.

महाराष्ट्रानेही हे भोगलं आहे. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि नवा अध्यक्ष मिळाला तो जुलै २०२२ मध्ये. अनुच्छेद १७८ मध्ये पद रिकामं होताच दुसरा निवडावा असं आहे, पण किती दिवसांत ते नाही. मधल्या काळात, जून २०२२ मध्ये, आमदारांच्या अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्षांना काढाव्या लागल्या, त्यांच्या अधिकारावरच वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाक्यातून तारीख गळली की पुढे काय काय गळतं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

म्हणूनच ज्यांना खरोखर काम व्हायला हवं होतं, त्यांनी तुमच्यासारखं लिहिलं नाही. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आधी शक्य तितक्या लवकर म्हणतो आणि त्याच दमात काहीही झालं तरी ३० दिवसांच्या आत म्हणतो. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. कुणी द्यायची तेही त्यात आहे, जन माहिती अधिकाऱ्याने. आपला दप्तर दिरंगाईचा कायदा एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांहून जास्त पडू देत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, अधिकारी नेमलेला आहे आणि चुकला तर दंड आहे. हे कायदे नीट पाळले जात नाहीत, हे खरं. पण ते मोडले की मोडले म्हणून बोट ठेवता येतं. तुमचं कलम मोडताच येत नाही. मला राग आहे तो याचा.

आणखी एक. याच इमारतीतले विक्रीचे फ्लॅट तुमचा विकासक बाजारात काढेल, तेव्हा महारेराकडे नोंदणी करताना काम पूर्ण होण्याची तारीख त्याला जाहीर करावीच लागेल. ती तारीख त्या ग्राहकांच्या करारात येईल, आणि उशीर झाला तर ते व्याज मागतील. म्हणजे तारीख लिहिता येते. लिहिता येत नाही असं विकासकाच्या माणसाने आम्हाला सभेत सांगितलं ते खोटं होतं. ज्यांच्या जमिनीवर इमारत उभी राहणार त्यांना ‘मे बी’, आणि जे आठव्या मजल्यावर नवे येणार त्यांना दिवस, महिना, वर्ष. हा भेद तुम्ही व्याकरणाने केलात आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरून चाललात.

मसुद्याची मराठी प्रत तर त्याहून वाईट आहे. ‘भोगवटा प्रमाणपत्र प्राप्त झाल्यास यथावकाश ताबा देण्यात येईल.’ ‘झाल्यावर’ नाही, ‘झाल्यास’! इंग्रजीत जे अर्धवट झाकलं होतं ते मराठीत उघड केलंत. काकूंनी मराठी प्रत वाचली आणि सही करायला ठेवलेलं पेन परत पर्समध्ये ठेवलं.

तर आता एवढं करा. ‘विकासक काम सुरू करण्याचा दाखला मिळाल्यापासून ३६ महिन्यांच्या आत स्वखर्चाने भोगवटा प्रमाणपत्र मिळवेल आणि ते मिळाल्यापासून १५ दिवसांत प्रत्येक सभासदाला ताबा देईल. उशीर झाल्यास ताबा देईपर्यंत भाडं देत राहील आणि त्याशिवाय दरमहा भरपाई देईल.’ भरपाईची रक्कम चर्चेने ठरवू. इंग्रजी प्रतीत ‘द डेव्हलपर शॅल ऑब्टेन’ असं कर्तरी लिहा, कर्ता पहिला शब्द म्हणून येऊ दे. दोन्ही प्रती दुरुस्त होऊन सोसायटीच्या कार्यालयात पोचल्या की विशेष सभा लावू. तोपर्यंत सही होणार नाही, एकाचीही नाही.

सोसायटीचा एक सभासद