यंदा खोली घ्यायची

उंबरमाळीचे दादा सकाळच्या लोकलमध्ये चढतात, खिडकीशी बसतात, शेजारच्या जागेवर रुमाल टाकतात आणि खर्डी गेली की तीन शब्द बोलतात, "यंदा खोली घ्यायची."

डब्यात कोणी नवीन असेल तर तो अभिनंदन करतो. जुने लोक पेपरातून मानसुद्धा वर काढत नाहीत. दादांनी मुंबईत भाड्याची खोली बघायला सुरुवात केली तेव्हा गाडी जिथे संपते त्या स्टेशनाचं नाव व्हीटी होतं. 1996 साली त्याचं सीएसटी झालं, 2017 साली सीएसएमटी झालं. एवढ्या मोठ्या दगडी स्टेशनाने दोनदा नाव बदललं, दादांनी एकदाही पत्ता बदलला नाही.

तो रुमाल माझ्यासाठी असतो. मी खर्डीला चढतो. इगतपुरीकडची मंडळी कसाऱ्यालाच जागा अडवून आलेली असतात, उरलेली उंबरमाळीला जाते, आणि खर्डीवाल्याच्या वाट्याला येतं ते चौथ्या सीटवरचं अर्धं कुल्लं. दादांच्या रुमालामुळे मी गेली कित्येक वर्षं माणसासारखा बसून मुंबईला जातोय. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

दादा एकटे आहेत असं समजू नका. कसारा लोकलच्या प्रत्येक डब्यात एक खोलीबघ्या असतो. कोणी आटगावचा, कोणी वासिंदचा. मुरबाडला रेल्वे नाही, तर तिकडचा खोलीबघ्या कल्याणपर्यंत एसटीत उभा राहून हेच बोलत येतो. त्याचा हिशोब साधा असतो. कसारा ते सीएसएमटी सुमारे 120 किलोमीटर, जायला अडीच तास, यायला अडीच तास. दिवसाचे पाच तास रुळावर. त्यात ओव्हरहेड वायर तुटली, मालगाडी अडकली, घाटात दरड आली तर रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी एकाच ताटात. शहाण्या माणसाने मुंबईत खोली घ्यावी हे उघड आहे. खोलीबघ्या शहाणाच असतो. फक्त तो घेत नाही, बघतो.

दादांची एक वही आहे. पाठीमागे पाढे छापलेली, शाळकरी. बघितलेली प्रत्येक खोली तिच्यात टिपलेली. पहिल्या पानांवर अट आहे, "गॅलरी पाहिजे." मधल्या पानांवर, "खिडकी पाहिजे." अलीकडच्या पानांवर, "खिडकी उघडली पाहिजे."

रविवारी आम्ही दोघं खोली बघायला जातो. वहिनींनी डबा दिलेला असतो, भाकरी आणि सुकटाची चटणी. स्टेशनबाहेर एजंट भेटतो. एजंट लोकांची एक वेगळी भाषा असते आणि दादा ती आता मातृभाषेसारखी बोलतात. "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणजे रिक्षा मिळाली तर, आणि सिग्नल नसला तर. "सेमी फर्निश्ड" म्हणजे एक पंखा, दोन ट्यूबलाइट आणि आधीच्या भाडेकरूने न नेलेला देव्हारा. "हवेशीर" म्हणजे काच फुटलेली. "पार्टिशन टाकलं की वन बीएचके" म्हणजे झोपताना कोणाचे तरी पाय दुसऱ्या खोलीत जातील.

पाच मिनिटांच्या बाबतीत दादा कोणाचंच ऐकत नाहीत. ते पाड्यावरून स्टेशनला रोज अंधारात चालत येतात, त्यांच्या पायात घड्याळ आहे. मुलुंडला एकदा एजंट पुढे, दादा मागे, आणि दर थोड्या वेळाने मागून आवाज, "सात झाली... नऊ झाली... बारा." एजंट शेवटी धावायला लागला.

खोलीत शिरल्यावर दादा भिंती बघत नाहीत, ओल बघत नाहीत. सरळ मोरीत जातात आणि नळ सोडतात. ओंजळ भरून एक घोट घेतात, तो तोंडात फिरवतात आणि निकाल देतात. कल्याणात म्हणाले, "हे उल्हास नदीचं. आपलं नाय." मुलुंडमध्ये घोट गिळला आणि चेहरा उजळला. "हे आपलं! भातसाचं हाय."

इथे एजंटला काही कळेना, म्हणून मला समजवावं लागलं. मुंबई ज्या सात तलावांचं पाणी पिते त्यातले भातसा आणि तानसा आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय. मुंबईच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. नदीतून ते पिसे इथे उचलतात, पांजरापूरला स्वच्छ करतात आणि मुंबईला धाडतात. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत असतात. दादांच्या घरीही हंडे आहेत. त्यामुळे जाहिरातीत "24 तास पाणी" वाचलं की त्यांना ओळखीच्या माणसाचा पत्ता सापडल्यासारखं होतं.

"चोवीस तास हाय ना पाणी?" दादांनी मालकाला विचारलं.

"एकदम फुल प्रेशर."

"आमचंच हाय ते. मग भाड्यात कायतरी कमी करा."

मालक गंभीर माणूस होता. तो म्हणाला, "पाणीपट्टी वेगळी पडेल."

हे ऐकून दादा खाली बसले. हसून नव्हे, खरोखरच बसले. तळ्याच्या मालकाला कोणी तिकीट विचारावं, तसं झालं होतं त्यांना. मीही तेवढ्यात म्हटलं, "दादा, बरोबर नाही वाटत हे. चला." मी असं नेहमीच म्हणतो. संडासाचं दार आत उघडतं, जिन्यात अंधार आहे, शेजारी कुत्रा आहे. ठाण्याची एक खोली खरंच चांगली होती, तिथे मला पूर्वेकडच्या भिंतीत वास्तुदोष दिसला. मला वास्तुशास्त्राचं ओ की ठो कळत नाही, पण रुमालाचं शास्त्र कळतं.

तळमजल्याच्या एका खोलीत एजंट जरा चाचरत म्हणाला, "पावसाळ्यात उंबऱ्याशी थोडंसं पाणी येतं." दुसरा कोणी असता तर पळाला असता. दादा पुढे सरसावले. "किती येतं? आमच्याकडं 2021 च्या जुलैत स्टेशनात पाणी शिरलं होतं. फलाटापर्यंत. रूळ दिसत नव्हते, गाड्या बंद!" एजंटचा उंबरा त्यापुढे अगदीच किरकोळ पडला. तो खजील झाला, जणू त्याच्याकडचा पूर कमी दर्जाचा निघाला होता.

सोसायटीची मुलाखत हे खोलीबघ्याचं आवडतं मैदान. सेक्रेटरी चष्म्यावरून बघतात, "फॅमिली?" दादा म्हणतात, "हाय." "बॅचलर येणार-जाणार नाहीत ना?" "भाचे येतील." "व्हेज?" इथे दादांच्या हातातली पिशवी बोलते. सुकटाचा वास कुठल्याही बायोडेटापेक्षा स्पष्ट असतो. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिसला जागा नाकारली, त्या व्हिडिओवरून मोठा गदारोळ झाला होता. दादांना ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. "एवढं बोलतात तरी कशाला? मला नुसतं 'कळवतो' बोलतात."

कागदपत्रांचं प्रकरण आणखी मजेचं. एजंटने एकदा समजावलं की दादा भाडेकरू होणारच नाहीत. करार असतो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे मालक तुम्हाला राहायचा परवाना देतो. तोही अकरा महिन्यांचा.

"लायसन? ते तर बंदुकीचं असतं," दादा म्हणाले.

"तसंच समजा. नोंदणी करावीच लागते, 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. मुद्रांक शंभराला पंचवीस पैसे. शहरात नोंदणीचे हजार रुपये. शिवाय पोलिसांकडे माहिती. आणि माझी एका महिन्याची दलाली."

"आणि अकरा महिन्यांनी?"

"रिन्यू करा, नाही तर खाली करा."

दादा बराच वेळ गप्प होते. परतताना आटगावच्या अलीकडे खिडकीतून माहुलीचे सुळके दिसायला लागले, तेव्हा बोलले, "शहाजीराजांनासुद्धा माहुली खाली करायला लागली होती ना?" लागली होती, 1636 साली, मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातल्यावर. आमच्या भागातलं जागा खाली करून दिल्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जुनं प्रकरण ते. पण राजांना निदान अकरा महिन्यांची अट नव्हती.

घरी वहिनी रविवारी रात्री एकच प्रश्न विचारतात, "खिडकी कुठं हाय?" न बघितलेल्या खोल्यांमध्ये त्यांनी इतक्या वेळा चूल मांडली आहे, डबे लावले आहेत, तुळस ठेवली आहे, की त्यांना मुंबईतल्या शंभरेक घरांचा संसार तोंडपाठ असेल. दादा सांगतात, "खिडकीतून समोरची भिंत दिसते." वहिनी मनातली तुळस उचलतात.

खरी अडचण मला एका सोमवारी कळली. मी सहज म्हटलं, "दादा, डोंबिवलीला घेतली असती तर आत्ता झोपला असतात."

दादांनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "डोंबिवलीला चढायला मिळतं का? लटकायचं. कल्याणला आत घुसायला मिळतं, बसायला नाय. आणि इथं?" त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. बाहेर भातखाचरं होती, पळसाच्या पानांवर दव होतं, वाऱ्याने पेपर फडफडत होता. पास ते तीन महिन्यांचा काढतात. तो संपला की रांगेत उभे राहून नवा. डिपॉझिट नाही, सेक्रेटरी नाही, सुकटाला कोणी नाक मुरडत नाही. याच सीटवर त्यांनी मुलीच्या लग्नाची यादी केली, मुलाची बारावीची गणितं तपासली, तापात डोकं टेकलं. मुंबईच्या जितक्या जवळ खोली घ्यावी तितकी ही खोली हातची जाणार होती.

तरी गेल्या जूनमध्ये खोली झाली. दादांनी नव्हे, मुलाने घेतली. तो भांडुपला कामाला लागला आणि मोबाइलवर फोटो बघून, एका संध्याकाळी, बापाला न विचारता त्याने वन आरके पक्का केला. दादांना साक्षीदार म्हणून बोलावलं. अंगठ्याच्या मशीनवर दादांचा अंगठा उमटेना. लावणीच्या चिखलात वर्षानुवर्षं घासलेला, त्याच्या रेषाच उरल्या नव्हत्या. एजंटने स्पिरिट लावलं, पुसलं, दाबलं. पाचव्या वेळी मशीनने एकदाचं ओळखलं. दादा मला म्हणाले, "बघ, मशीनलाबी कळलं, हा माणूस खोली घेणाऱ्यातला नाय."

रविवारी दादा-वहिनी तांदळाची गोणी, शेवळांची जुडी, काकडं आणि देव घेऊन भांडुपला गेले. राहायलाच. मी सोमवारी खर्डीच्या फलाटावर उभा होतो तो उभ्याने जायची तयारी करून. पिशवी हलकी केली होती, गुडघ्याला पट्टा बांधला होता. गाडी आली. नेहमीचा डबा, नेहमीची खिडकी. खिडकीत दादा, शेजारी रुमाल.

"तुम्ही भांडुपला ना?"

"होतो. रात्रीच्या शेवटच्या कसाऱ्याने आलो."

"का?"

"झोप येईना. नळ सारखा येतो तिकडं. पोरगा घट्ट बंद करत नाय. उठून उठून मीच बंद करत होतो. आपलं पाणी हाय, असं वाया घालवतात का?"

मी बसलो. जरा वेळाने विचारलं, "आणि वहिनी?"

दादा खिडकीबाहेर बघत होते. "ती नाय आली. बोलली, तुम्ही जा. चार दिवस मी नळाखाली हात धरून बसते."

थानसीत गेलं, आटगाव गेलं. दादांनी पिशवीतून वही काढली. एक कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं, "भांडुप, पोराच्या जवळपास."

"रविवारी मोकळा हायस का?" त्यांनी विचारलं.